विचारलं तर सांगते: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को नक्की किती किलोमीटर?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्मे प्रश्न विमानाचेच आहेत. साहजिक आहे म्हणा, मे-जूनमध्ये मुलांकडे, नातवंडांकडे गेलेली मंडळी आता परत आलीयेत, जेटलॅग उतरलाय, आणि सोळा-सोळा तास खिडकीशी बसून जे जे डोक्यात आलं ते सगळं मला विचारताहेत. मी काही पायलट नाही हं, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला एवढंच, पण प्रश्न शेवटी भूगोलाचाच आहे म्हणून हक्काने उत्तर देतेय.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी सांगलीचा, वय ७४. मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ असते म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला नॉनस्टॉप विमानाने गेलो होतो. तिकीट काढून देणारा मुलगा म्हणाला अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. घरी भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे, त्यावर मी सुतळी ताणून खालच्या स्केलने मोजलं तर जवळपास बावीस हजार आलं, आणि रस्ता अरबस्तान, सहारा, अटलांटिक असा. विमान मात्र निघालं ते वर उत्तरेला, समोरच्या स्क्रीनवर कझाकस्तान काय, सायबेरिया काय, खाली नुसतं पांढरं. विमानातल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, काका आपलं साडेचौदा हजाराच्या आसपास होतं. आता तिघांत खरं कोण? आणि समोरचा सरळ रस्ता सोडून हे लोक उत्तर ध्रुवाकडे कशाला जातात? – एक आजोबा, सांगली

उत्तर: आजोबा, तिकीटवाला मुलगा पण खरा आणि विमानातली मुलगी पण खरी. खोटी ठरली ती तुमची सुतळी.

आणि ती खोटी आहे हे नकाशा न बघताही सांगता येतं, कसं ते बघा. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. एवढा गोल आकडा योगायोगाने आलेला नाही, १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये मीटर ठरवला तोच मुळी असा, की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे १ मीटर. म्हणजे ध्रुव ते विषुववृत्त १०,००० किलोमीटर आणि त्याच्या चौपट पूर्ण घेर. (मोजताना त्यांच्याकडून थोडी चूक झाली म्हणून ध्रुवांवरून जाणारा घेर आज ४०,००८ भरतो, आणि पृथ्वी मधे जरा फुगीर असल्यामुळे विषुववृत्तावरचा ४०,०७५, पण ते सोडून देऊ.) आता घेर जर ४०,००० असेल तर जगातल्या कुठल्याही गावापासून दुसरं कुठलंही गाव जास्तीत जास्त २०,००० वर असणार, त्याहून लांब जायला लागलात की तुम्ही दुसऱ्या बाजूने जवळच यायला लागता. मग २२,००० आलेच कुठून? नकाशाच्या ताणातून.

हे ताणाचं प्रकरण मी वर्गात मुलींना ब्लाउजवरून सांगायचे. कापड सपाट असतं आणि अंग गोल, म्हणून शिंपी टक्स घालतो, जिथे कापड जास्त होतं तिथे चिमटीत धरून शिवून टाकतो, तेव्हा कुठे ते अंगाला बसतं. नकाशावाल्याचं काम नेमकं उलटं, त्याच्याकडे आधी गोल ब्लाउज आहे आणि त्याला तो टेबलावर सपाट पसरायचाय. टक्स उसवले तर कापडात फटी पडणार, आणि फटी असलेला नकाशा भिंतीवर कोण लावेल? म्हणून तो वरचं-खालचं कापड ओढून ओढून मधल्याएवढं रुंद करतो. ६० अंश अक्षांशावर पृथ्वीचा घेर विषुववृत्ताच्या निम्मा असतो, पण तुमच्या भिंतीवर तो तेवढाच लांब दिसतो, आणि प्रत्यक्ष ध्रुव, जो एक ठिपका आहे, तो नकाशाच्या वरच्या अख्ख्या कडेएवढा होऊन बसतो. शाळा-शाळांत वर्षानुवर्षं लटकलेला मर्केटरचा नकाशा (१५६९ सालचा, खलाशांसाठी काढलेला, त्यांना होकायंत्राची दिशा सरळ रेघेत हवी होती, त्यांचं काम त्याने चोख केलं) घ्या, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या १४ पट आहे. अशा ओढलेल्या कापडावर सुतळी लावली तर आकडा कसा खरा येईल? शिवाय खालचं स्केल विषुववृत्तापुरतंच बरोबर असतं. तुमच्या सुतळीच्या रस्त्याने, म्हणजे ओमान, सौदी, इजिप्त, सहारा, अटलांटिक, मग अमेरिकेचा दक्षिणेकडचा भाग असं कोणी खरंच उडालं, तर साधारण १९,००० किलोमीटर होतील. म्हणजे तुमचा आकडाही चूक आणि रस्ताही साडेपाच हजार किलोमीटर लांबचा.

आता सरळ रस्ता कुठला ते तुम्ही घरी बघू शकता, नातवाचा पृथ्वीचा गोल असेल तर काढा. मी हे पत्र आल्यावर माझा काढला, रिटायर होताना मुलांनी दिलेला आहे, त्याचं स्टँड कधीच मोडलंय म्हणून कुकरच्या जुन्या रिंगवर ठेवावा लागतो. शिवणाचा दोरा घेतला, आधी विषुववृत्तावर एक वेढा दिला, तो भरला ६३ सेंटिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ६३५ किलोमीटर. मग दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. ताणल्यावर काय झालं माहितीये? मी तो मुद्दाम अरबस्तानावरून धरला होता तर तिथे राहीचना, सुटून सर्रकन वर सरकला आणि गोलाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसला, मुंबई, राजस्थान, लडाख, मग अल्ताई पर्वत, सायबेरिया, तिथून आर्क्टिक महासागरात ७७ अंश उत्तरेपर्यंत, आणि उतरताना अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, सॅन फ्रान्सिस्को. लांबी २१ सेंटिमीटर आणि वर दोन-तीन मिलिमीटर. गुणाकार करा, साडेतेरा हजार येतात. गोलावर ताणलेला दोरा म्हणजेच सरळ रस्ता, इंग्रजीत त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आपल्या पुस्तकात बृहद्‌वृत्त असा शब्द आहे पण परीक्षा सोडून तो कुणी कधी बोललेलं मी ऐकलं नाही. तिकीटवाल्या मुलाने दिलेला आकडा हा दोऱ्याचा आकडा. मुंबईहून निघताना या दोऱ्याची दिशा असते उत्तर, जेमतेम १४ अंश पूर्वेकडे कललेली. म्हणजे अमेरिका आपल्या पश्चिमेला आहे हे जे आपल्या मनात पक्कं बसलंय ना, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत काढून टाका. ती आपल्या उत्तरेला आहे, डोंगरापलीकडे.

आणि तो डोंगरच आडवा येतो. दोरा लडाखवरून तिबेटच्या पठाराकडे जातो खरा, पण प्रवाशांनी भरलेलं विमान शक्यतो तिथून नेत नाहीत. कारण एकदम साधं आहे: विमानातली हवा काही कारणाने निघून गेली तर पायलटला घाईघाईने १०,००० फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, वरून लोंबणारे ते पिवळे मास्क बारा-पंधरा-वीस मिनिटांपुरताच ऑक्सिजन देतात, आणि तिबेटात जमीनच १४-१५ हजार फुटांवर आहे, खाली यायचं कुठे? म्हणून विमानं हिमालयाला वळसा घालतात. एक तर पश्चिमेकडून, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया करत (तुम्हाला कझाकस्तान दिसलं ते त्यामुळे), नाहीतर पूर्वेकडून, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान करत पॅसिफिकवर. साडेतेराचे साडेचौदा इथे व्हायला सुरुवात होते. त्यात उतरताना घिरट्या घालाव्या लागल्या तर तेही किलोमीटर विमानातल्या मुलीच्या हिशोबात, दोऱ्याच्या हिशोबात नाहीत.

दुसरा खर्च वाऱ्याचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वारे वाहतात, हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातात. विमान त्या वाऱ्यात बसलं की नदीत ओंडका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकवरून साधारण १३,९०० किलोमीटर होत होते, पॅसिफिकवरून झाले १५,३००, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर! परतीला ते अटलांटिकवरूनच आलं, कारण परतीलाही पूर्वेकडे उडालं की वारा पाठीशी. म्हणजे गेलं पूर्वेला, आलं पूर्वेकडूनच, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. आमच्या आजीच्या काळात काशीला जाऊन आलं की मावंदं घालायचे, इथे तर पृथ्वीला फेरी झाली आणि लोक बॅगा उचलून टॅक्सीच्या लायनीत. वारा किती दांडगा असू शकतो याचं अजून एक उदाहरण, फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी सहा-साडेसहा तास लागतात.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, साधे फुगे सोडून सोडून. पण गृहस्थाने निष्कर्ष छापले एस्पेरांतो भाषेत, म्हणजे जगातल्या सगळ्यांना कळावं म्हणून बनवलेल्या भाषेत, आणि नेमकं त्यामुळेच ते कुणी वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानं जपानवर त्या वाऱ्यात सापडली तेव्हा बाकीच्यांचे डोळे उघडले.

तिसरा खर्च माणसांच्या भांडणांचा. आकाशाला कुंपण नाही असं आपण म्हणतो, पण आहे हो, चांगलं काटेरी आहे. २०२२ पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या विमानांना रशियाचं आकाश बंद आहे. फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियोला जायला पूर्वी साडेनऊ तास लागायचे, आता तेरा लागतात, विमान रशियाला टाळून कधी चक्क उत्तर ध्रुवावरून नेतात, मध्यंतरी प्रवाशांना त्याचं सर्टिफिकेट पण द्यायचे, गैरसोयीचं असं कौतुक करणं मला फार आवडलं. भारतीय विमानं रशियावरून जात राहिली म्हणून तुम्हाला सायबेरिया दिसला. पण आपलं दुखणं शेजारी. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, त्यानंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरायला लागली. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को दोरा आजही तेवढाच आहे, १२,४०० च्या आसपास. शहरं जागची हललेली नाहीत, तरी लांब गेली.

राहिला तुमचा ध्रुवाचा मुद्दा. अगदी ध्रुवाजवळून जायलाही विमानं आता सरावलीत. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरू हे पहिलं नॉनस्टॉप विमान उत्तर ध्रुवावरून आणलं ते एअर इंडियाच्या चार महिला पायलटनी, कॅप्टन झोया अगरवाल मुख्य, दोरा १४,००० किलोमीटरचा आणि वेळ १७ तासांच्या आसपास. तिथे काळजी दोन गोष्टींची. एक तर इंधन थंडीने घट्ट होऊ शकतं, अमेरिकेत भरलं जाणारं विमानाचं इंधन उणे ४० ला गोठायला लागतं, आपल्याकडे मिळणारं उणे ४७ ला, म्हणून पायलट इंधनाचं तापमान बघत बसतात आणि फारच उतरलं तर जरा गरम हवेच्या थरात येतात किंवा वेग वाढवतात. दुसरं म्हणजे खाली उतरायची सोय हवी. दोन इंजिनांच्या विमानाला नियम आहे की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ रस्त्यात कायम हाताशी पाहिजे. हा नियम नुसता कागदावर नाही, ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनच्या तक्रारीमुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादान नावाच्या गावी उतरलं, २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. मुंबईहून दुसरं विमान नेऊन त्यांना पुढे पोचवलं. तोपर्यंत त्या लोकांनी सायबेरियातल्या शाळेत वगैरे मुक्काम केला. मगादान हे नाव मी तीस वर्षं शिकवून एकदाही तोंडात घेतलं नव्हतं, त्या आठवड्यात व्हॉट्सअपवर सगळ्यांना पाठ झालं.

प्रश्न: माझा मुलगा दुपारी ४ वाजता मुंबईहून निघाला, फ्लाइट १६ तासांची. आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोचलो, इथे संध्याकाळचे साडेसात, तारीख तीच, असा त्याचा मेसेज. सासूबाई म्हणतात साडेतीन तासांत अमेरिका? मला समजावता येईना. – एक वाचक, पुणे

उत्तर: सासूबाईंना विचारा, मेसेज तुमच्या फोनवर किती वाजता आला? सकाळी ८ ला आला असणार, दुसऱ्या दिवशी. चार आणि सोळा वीस, म्हणजे आपले रात्रीचे ८ नाही हं, दुपारचे चार म्हणजे सोळा, त्यात सोळा मिळवले बत्तीस, चोवीस वजा केले, उरले आठ. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास (हिवाळ्यात साडेतेरा, ते लोक नोव्हेंबरात घड्याळं मागे घेतात), म्हणजे तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. झालं.

पण त्यांना परतीचं तिकीट दाखवू नका, अजून गोंधळ होईल. सोमवारी रात्री ९ ला तिकडून निघालं आणि १६ तास उडालं की मुंबईत उतरता बुधवारी पहाटे दीडला. मंगळवार कुठे गेला? आमच्या ओळखीतल्या एक बाई मंगळवारचा उपास करतात, त्यांनी विमानात नक्की कधी करायचा म्हणून मला सीरियसली विचारलं होतं. मी म्हटलं, झोपेत होऊन गेला असं समजा.

प्रश्न: एजंटने "डायरेक्ट फ्लाइट" म्हणून तिकीट दिलं, जास्त पैसे घेतले, आणि विमान मधे एका शहरात उतरलं. दीड तास आम्ही आत बसून, खाली उतरूही देत नव्हते. ही फसवणूक नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: चिडचिड समजते, पण शब्दात अडकलात. आपल्याकडे सगळे "डायरेक्ट" म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं "नॉनस्टॉप". विमानवाल्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा नंबर तोच, मधे थांबलं तरी चालतं. एसटी कशी, मुंबई-कोल्हापूर गाडी एकच असते, पण साताऱ्याला थांबते, तुम्ही गाडी बदलत नाही म्हणून ती डायरेक्ट. नॉनस्टॉप म्हणजे न थांबता. पुढच्या वेळी एजंटला हाच शब्द वापरून विचारा आणि तिकिटावर "स्टॉप" खाली शून्य लिहिलंय ना ते स्वतः बघा. एजंटला हे माहिती नसेल असं मात्र मला वाटत नाही.

प्रश्न: मॅडम, मी अकरावीत आहे. जगातली सगळ्यात लांबची फ्लाइट कुठली? आणि मुंबईपासून सगळ्यात लांबचं शहर कुठलं? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: लांब पल्ल्याची राणी म्हणजे सिंगापूर ते न्यूयॉर्क, दोऱ्याने १५,३०० किलोमीटरच्या थोडं वर आणि आत बसायचं साडेअठरा तासांच्या आसपास. त्या विमानात एकूण सीट १६१, आणि त्यात इकॉनॉमी नाहीच, बिझनेस ६७ आणि प्रीमियम इकॉनॉमी ९४. एवढ्या मोठ्या विमानात माणसं इतकी कमी का, तर वजन. लांब जायचं तर इंधन जास्त लागतं, आणि ते जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, पाण्याचा टँकर दुष्काळी गावाला पाठवताना अर्धं डिझेल टँकर ओढण्यातच जातं तसं. बंगळूरूवाल्या पायलटनी आणलं ते बोइंग ७७७-२०० एलआर, त्याच्या टाक्यांत १,८०,००० लीटरच्या वर इंधन मावतं, पूर्ण भरून उडताना विमानाच्या वजनातला ४० टक्के भाग नुसतं इंधनच असतं. म्हणून पल्ला वाढवायचा तर सीटा काढा, हा सरळ व्यवहार.

याच जातीच्या विमानाने २००५ च्या नोव्हेंबरमध्ये एक गंमत केली होती, हाँगकाँगहून लंडनला मुद्दाम उलट्या बाजूने, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून गेलं. सरळ रस्ता ९,६०० किलोमीटरचा, हे उडालं २१,६०२, २२ तास ४२ मिनिटं, मधे कुठेही न थांबता. म्हणजे वर मी आजोबांना सांगितलं की कुठलंही शहर २०,००० पेक्षा लांब नाही, आणि या विमानाने त्याच्याही पलीकडे उडून दाखवलं. अर्थात आत मोजकी माणसं होती, तिकीट काढलेले प्रवासी नव्हते. आता ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनी ते लंडन, १७,००० किलोमीटर, नॉनस्टॉप न्यायच्या तयारीत आहे, २०१९ मध्ये रिकाम्यासारखं विमान लंडनहून सिडनीला नेऊन १९ तास १९ मिनिटांत करूनही बघितलं. योजनेला नाव दिलंय सनराइज, कारण दुसऱ्या महायुद्धात पर्थहून सिलोनला म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाणारी त्यांची कॅटलिना विमानं इतकी हळू होती की प्रवाशांना एकाच प्रवासात दोन सूर्योदय दिसायचे. प्रवासी कितीसे, तर तीन.

आता मुंबईपासून सगळ्यात लांब काय. हे तू स्वतः काढू शकतोस, सोपं आहे. मुंबईचे अक्षांश १९ उत्तर, ते १९ दक्षिण कर. रेखांश ७३ पूर्व, ते १८० मधून वजा कर, १०७ पश्चिम. ही जागा शोध. सापडेल तिथे पाणी, नुसतं पाणी, पॅसिफिक महासागर, जवळची नाव घेण्यासारखी जमीन म्हणजे ईस्टर बेट, ते मोठाले दगडी पुतळे आहेत ना तेच, आणि तेही तिथून दक्षिणेला ९०० किलोमीटर. ईस्टर बेटाच्या बरोबर उलट बाजूला काय येतं तेही काढून बघ, आपल्या राजस्थानात वाळवंट येतं! म्हणजे एका बाजूला समुद्रात एकटं पडलेलं बेट आणि दुसऱ्या बाजूला वाळू. जगात बहुतेक जमिनीच्या उलट बाजूला पाणीच आहे, जमिनीसमोर जमीन आली असं फार थोड्या ठिकाणी होतं. माद्रिदच्या बाजूने खोदलं तर न्यूझीलंडात निघाल, शांघायच्या बाजूने खोदलं तर ब्युनॉस आयर्सच्या आसपास. ह्या जोड्या वीस हजाराला टेकतात. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण गोल बघताना मजा येते.

प्रश्न: विमानात पायलट मैलात बोलतो, तिकिटावर पॉइंटचे वेगळेच मैल, आणि गूगल किलोमीटरमध्ये सांगतं. मैल एकूण किती प्रकारचे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: रत्नागिरीकरांनी हे विचारावं? तुमच्याकडच्या बोटीवरच्या माणसांना विचारा, ते सागरी मैलच वापरतात. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर, आकाशातला हिशोब त्यातच चालतो आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. रस्त्यावरचा मैल लहान, १.६०९ किलोमीटर, पॉइंटवाले हाच धरतात, अर्थात हल्ली बऱ्याच कंपन्या किती उडालात यापेक्षा किती पैसे भरलेत यावर पॉइंट देतात त्यामुळे त्या मैलांचा पृथ्वीशी संबंध उरलेला नाही.

मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सागरी मैलांत धरा ७,३०० च्या जवळ, रस्त्याच्या मैलांत ८,४००. आणि सांगलीच्या आजोबांना जुन्या हिशोबाची सवय असेल तर, कोस कुणी केवढा धरतं कुणी केवढा, पण दोन मैलांचा धरला तर मुलगी ४,२०० कोसांवर आहे.